जरीचा दोरा पिंजतो, रिंग काढली की कापड गोळा होतं: रेशीम-जरीचं झाड भरताना सारखी येणारी अडचण

दसऱ्यासाठी आपट्याचं झाड भरायला घ्यायचं, खोड-फांद्या सोनेरी जरीत आणि पानं रेशमात, असं ठरवून उत्साहाने सुरुवात होते आणि पहिल्याच फांदीला घोडं अडतं. चार-पाच टाके छान जातात, मग दोरा फुसफुशीत होतो, आतला पिवळा धागा दिसायला लागतो आणि दहाव्या-बाराव्या टाक्याला तो तुटतोच. मग आपण दोऱ्याचा ब्रँड बदलतो, सुई बदलतो, कोणीतरी सांगतं मेण लाव म्हणून मेण लावतो, तरी तेच. आणि एवढं करून झाड पुरं झालंच तर कापड ताणायची रिंग काढल्याबरोबर खोडाभोवतीचं कापड असं काही गोळा होतं की रडू यावं, कारण तोपर्यंत महिना-दीड महिना त्यात गेलेला असतो.

माझी पहिली दोन झाडं अशीच गेली. त्यानंतर घरी शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या हातात हेच बघितलंय, त्यामुळे एकदाच सगळं सविस्तर लिहिते. पिंजणं आणि गोळा होणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात पण दोन्हीचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, आपण जरीला साध्या दोऱ्यासारखं वागवतो.

आधी तुटलेलं टोक नीट बघा. फेकू नका, खिडकीपाशी नेऊन पांढऱ्या कागदावर ठेवा, घरात भिंग असेल तर फारच छान. मध्यंतरी एका काकूंचा दोरा असाच बघत होते, सुईच्या नेढ्यापाशी सोनेरी पट्टी सैल स्प्रिंगसारखी उलगडून एका जागी गोळा झालेली आणि पुढचा दोन-तीन सेंटीमीटर भाग नुसता पिवळा दोरा, अगदी उघडा. म्हणजे दोरा "कच्चा" नव्हता, त्याची वरची साल निघाली होती. कारण जर हा एकसंध दोरा नसतोच. आत रेशमाचा, सुताचा किंवा पॉलिएस्टरचा गाभा असतो आणि त्याच्यावर केसाइतकी बारीक चपटी पट्टी गुंडाळलेली असते. खऱ्या जरीत ती चांदीच्या तारेची आणि वर सोन्याचा मुलामा, खोट्या जरीत तांब्याच्या तारेची, आणि हल्ली दुकानात स्वस्तात मिळते ती बहुतेक धातूचा थर दिलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मची. गाभा पिवळा रंगवतात तो यासाठीच की मधे फट पडली तर डोळ्याला खुपू नये.

आता हिशोब करा. समजा तुम्ही ४० सेंटीमीटर दोरा घेतला, एका टाक्याला पुढचं-मागचं मिळून एक सेंटीमीटर दोरा जातो, आणि शेवटी बांधायला सहा-सात सेंटीमीटर सोडलं. म्हणजे टाके झाले तेहेतीस-चौतीस. प्रत्येक टाक्यात सुई दोनदा कापडातून जाते. म्हणजे सुईजवळचा दोरा त्या इवल्याशा भोकांतून पासष्ट-सत्तर वेळा घासत गेला, शिवाय नेढ्यात तो एकाच जागी वाकलेला. सुती दोऱ्याला हे चालतं, रेशमाला थोडं जड जातं, गुंडाळलेल्या पट्टीला अजिबात झेपत नाही. मेणाने थोडा वेळ धकतं पण जरीची झळाळी मरते, म्हणून जरीला मेण मी लावतच नाही.

कोणी म्हणेल मग पैठणीत इतकी जर कशी टिकते, ती तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बरोबर आहे, पण तिथे जर विणलेली असते. येवल्याच्या मागावर ताणे उघडले की त्यांच्यामधून जर आरामात सरकते आणि जागेवर बसते, तिला साठ वेळा भोकातून कोणी ओढत नाही. आणि जरदोजीचं काम बघा, लखनौ, बरेली, आग्रा इथले कारागीर अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून बसतात तेव्हा कसब, म्हणजे जरीचा दोरा, कापडाच्या वर ठेवून दुसऱ्या बारीक दोऱ्याने टाचतात. डबक्याचे, म्हणजे स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या पोकळ तारेचे, तर मण्यासारखे तुकडे कापून ओवतात. जपानी भरतकामातही सोनेरी दोरे जोडीने कापडावर मांडून रेशमाने टाचायची पद्धत आहे. जिथे जिथे सोन्याचं काम मुरलेलं आहे तिथे जर कापडावर निजवतात आणि रेशमाने धरून ठेवतात.

तर उपाय हा, काउचिंग. आपल्याकडे शाळेत शिवणाच्या तासाला दोरा टाचायला शिकवायचे तेच, फक्त नीट. जरीचे दोन दोरे शेजारी शेजारी ठेवायचे, एक ठेवला तर बारीक दिसतो आणि वळणावर पलटतो, जोडी शहाण्यासारखी बसते. टाचायला एकेरी बारीक रेशीम, पिवळं किंवा जरीच्याच रंगाचं, सुई दहा नंबरची. मेण लावायचं ते या टाचायच्या रेशमाला, कारण जरीला घासून घासून तेही फुलतं. टाका जरीवर बरोबर आडवा, काटकोनात, दोन टाक्यांमधे साधारण ३ मिलिमीटर. शेजारची दुसरी जोडी टाचताना टाके पहिल्या जोडीच्या टाक्यांच्या मधोमध येतील असे, विटांच्या भिंतीसारखे. आणि टाका आवळायचा नाही! टाका जरीवर टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. फांदी ठिकठिकाणी कंबर आवळल्यासारखी दिसत असेल तर तुमचा हात जड पडतोय, तेवढे टाके उसवा आणि परत घाला, पुढे जाऊन ते लपत नाहीत.

जरीची टोकं कापडाखाली न्यायची ती शेवटी, एकदाच. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार सेंटीमीटर दोरा मोकळा सोडायचा, मग मोठ्या नेढ्याची जाड सुई घ्यायची (मी २० नंबरची शेनील सुई वापरते), ती कापडात अर्धी खुपसून ठेवायची, मग टोक नेढ्यात घालायचं आणि एका झटक्यात खाली ओढायचं. एका वेळी एकच दोरा. जोडीची दोन्ही टोकं एका भोकात कोंबली की तिथे खड्डा पडतो. खाली गेलेलं टोक दुमडून मागच्या अस्तराला दोन-तीन टाक्यांत धरायचं आणि उरलेलं कापायचं.

इथे झाडाची खास अडचण येते आणि माझ्या मते तिच्यामुळेच निम्म्या जणी काम सोडून देतात. झाडाला फांद्या खूप. प्रत्येक फांदी वेगळी टाचली तर जोडीची दोन टोकं शेंड्याला आणि दोन बुंध्याकडे, म्हणजे एका फांदीची चार टोकं, वीस-बावीस फांद्यांची ऐंशीच्या वर. ती सगळी मागे गेली की अस्तराच्या बाजूला गाठोडं होतं, मग त्याच जागी पानं भरायला गेलं की सुई आतच जात नाही, अडकते, वाकते, आणि ओढाताणीत कापड चुरगळतं. मी दुसऱ्या झाडाला हेच केलं होतं, उलटी बाजू बघवत नव्हती.

यावर मला सापडलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे झाड जसं असतं तसंच भरणं. प्रत्येक फांदीला लांब एकच दोरा घ्या, अर्ध्यात घडी घाला, ती घडी म्हणजे फांदीचा शेंडा. घडीला एक टाका घालून अडकवा आणि दोन्ही पदर शेजारी शेजारी टाचत फांदीवरून खाली, खोडात, खोडातून थेट मुळापर्यंत घेऊन जा. तोडायचं नाही. सगळ्यात वरच्या मधल्या फांदीपासून सुरू करा, ती खोडाच्या मध्यावर येते, मग तिच्या खालच्या डावी-उजवीकडच्या, त्या आपोआप बाहेरच्या बाजूने लागत जातात आणि दोरा दोऱ्यावर चढत नाही. खोड वेगळं भरावंच लागत नाही, फांद्यांच्या दोऱ्यांचंच खोड तयार होतं. माझ्या जरीची एक जोडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरते, बावीस फांद्या खाली आल्या की खोड दीड-पावणेदोन सेंटीमीटरचं होतं, वर बारीक आणि खाली रुंद, अगदी खऱ्यासारखं. शेंड्याला एकही टोक नाही आणि खाली चव्वेचाळीस. ती मुळं म्हणून फाकवायची, कुठे आखूड कुठे लांब, म्हणजे खालच्या बाजूलाही सगळं एका जागी जमा होत नाही. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी ते कापड घरातल्या प्रत्येकाला उलटं करून दाखवलं होतं, इतका आनंद झाला.

आपट्याच्या फांद्या वाकड्यातिकड्या, खाली झुकलेल्या असतात, म्हणजे वळणं आली. वळणावर आधी बाहेरचा पदर टाचायचा मग आतला, दोन्ही एकत्र वळवले की आतला उचलला जातो. टोकदार वळण असेल तर बोथट चिमट्याने हलकेच दाबून आकार द्यायचा, नखाने नको, नखाने पट्टी सरकते. खोडाला सावली हवी असेल तर टाचायचं रेशीम एका कडेला तपकिरी घ्या आणि टाके जवळ जवळ, उजेडाच्या बाजूला पिवळं आणि विरळ. १५व्या शतकात नेदरलँड्स-बेल्जियमकडच्या भागात सोन्यावर रंगीत रेशमाचे टाके दाट-विरळ घालून अख्खी चित्रं करत, त्याला ऑर न्यूए म्हणतात, खोडासाठी त्यातला हा छोटासा भाग आपल्याला पुरतो. आपट्याची साल काळपट आणि उभी भेगाळलेली असते, ती अशी फार सुंदर दिसते.

काही ठिकाणी जर कापडातून न्यावीच लागते, उदाहरणार्थ पानाची मधली शीर. तिथे दोरा ३० सेंटीमीटरपेक्षा लांब नको, सुई एक-दोन मापं जाड (नंबराने लहान), म्हणजे भोक मोठं पडेल आणि घासणं कमी होईल, आणि दोरा नेढ्यात अडकवून बांधून टाका, घडीचा फास नेढ्यातून काढून सुईच्या टोकावरून मागे घेतला की झालं, मग तो नेढ्यात पुढे-मागे सरकत नाही. सुई सरळ खाली, सरळ वर. एका हालचालीत आत-बाहेर काढली की साल निघालीच म्हणून समजा. आणि दर चार टाक्यांनी सुई सोडून लोंबकळू द्या म्हणजे पीळ निघेल.

आता रेशीम. पिंजण्याची तक्रार इथेही येते पण कारण वेगळं असतं, आपले हात. पीळ नसलेलं रेशीम बोटांच्या खरखरीत कडांना अडकून फुलतं, भांडी घासणारे, भाजी चिरणारे हात आहेत आपले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी बसायच्या आधी साखर आणि दोन थेंब खोबरेल चोळून हात साबणाने स्वच्छ धुते, तेलाचा अंश राहिला तर रेशमावर डाग पडतो, म्हणून धुणं महत्त्वाचं. बोटांच्या कडेला फारच भेगा असतील तर आंघोळीच्या वेळी वजरी हलकेच फिरवायची. दोरा ४५ सेंटीमीटरच्या आत.

पान भरताना दोन्ही पाळ्या वेगळ्या भरा. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त आणि मधे खाच. दसऱ्याला बाजारात कांचनाचीही पानं आपटा म्हणून विकतात, ती मोठी असतात, ती बघून आकार काढू नका. कडेकडून मधल्या शिरेकडे तिरके टाके, आतला हिरवा जरा गडद. दोन पाळ्यांचे टाके वेगवेगळ्या दिशांनी गेले की रेशीम उजेडात दोन रंगांचं दिसतं, एकाच लडीतलं असूनही. या एका गोष्टीसाठी मी रेशमाला सूत कधीच पर्याय मानत नाही. पानं आधी पुरी करा, जर नंतर. उलट केलं तर पान भरताना दर टाक्याला रेशीम जरीच्या कडेला अडकतं आणि हाताचा घाम जरीला लागत राहतो. फांदीवर चढलेली मोजकी पानं शेवटी भरायची, तेव्हा झालेल्या जरीवर मलमलचा तुकडा टाचून झाकून ठेवा, फक्त पानापुरती खिडकी कापा.

सगळीच पानं हिरवी असावीत असं नाही हां. रघुराजाने कौत्साला द्यायच्या चौदा कोटी मोहरांसाठी कुबेरावर चाल करायची ठरवली आणि कुबेराने आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून मी पाच-सहा पानं पूर्ण जरीत करते. तिथे जर पानाच्या बाह्यरेषेपासून आत आत टाचत जायची, आणि खाली पिवळ्या फेल्टचा तुकडा, म्हणजे पान थोडं उठून दिसतं आणि फट पडलीच तर पिवळीच दिसते.

मग कापड गोळा का होतं? रिंग काढल्यावर नक्की काय बिघडलंय ते आधी ओळखा, कारण इलाज त्यावर ठरतो.

कापड सपाट आहे पण जर लाटेसारखी वर उठलीय, टाक्या-टाक्यांमधे कमानी दिसतायत? म्हणजे कापड एकटंच, अस्तराशिवाय, रिंगेत फार ताणलं होतं. सोडल्यावर ते आपल्या मूळ मापावर आलं, जर मात्र लवचिक नाही, तिची लांबी तेवढीच राहिली. उलट जर चपटी बसलीय पण फांदीच्या दोन्ही बाजूंना कापडाला सुरकुत्या आहेत? म्हणजे जर ओढून ओढून टाचलीत किंवा मधेच कापड सैल पडलं आणि तुम्ही तसंच काम चालू ठेवलंत. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणींचं हे दुसरं असतं.

दोन्हीला अस्तर हवंच. मांजरपाट घ्या, आधी भिजवून वाळवून, नाहीतर तो नंतर आटतो. वरचं कापड टसर किंवा जरा जाड रॉ सिल्क, जॉर्जेट किंवा मऊ क्रेपवर जरीचं झाड भरायला जाऊ नका, त्याला ते वजन पेलत नाही. अस्तराचा उभा धागा वरच्या कापडाच्या उभ्या धाग्याला जुळवा, तिरकं लागलं की एका बाजूला ओढ येणारच. ताण मांजरपाटाने घ्यायचा, वरचं कापड त्याच्यावर सपाट टाचायचं. रिंग वापरायची तर अख्खं झाड मावेल एवढी आणि आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळून. रिंग सरकवत सरकवत काम करणं रेशमापर्यंत ठीक, जरीवर रिंग एकदा दाबली की पट्टी चेपते ती कायमची. मी आता चौकोनी फ्रेमच वापरते, चारी बाजूंनी दोरीने ताणायची.

आणि रोज बसताना आधी ताण बघा, टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात सकाळी घट्ट केलेलं कापड संध्याकाळी सैल झालेलं मी कितीदा बघितलंय, आणि दसऱ्याचं काम करायचं म्हणजे नेमकं श्रावण-भाद्रपदात बसावं लागतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं की सुरकुती पडतेच.

आधीच गोळा झालं असेल तर? इस्त्री नको. प्लॅस्टिकची जर वितळते, धातूची चेपते, वाफेने काळवंडायची भीती असते, आणि सुरकुती तरीही जात नाही कारण ती टाक्यांनी धरून ठेवलेली असते. तुमच्याकडे कुठली जर आहे ते माहीत नसेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून काडी लावून बघा, वरची पट्टी वितळून गोळी झाली तर प्लॅस्टिक. हलक्या सुरकुत्या असतील तर कापड जाड पुठ्ठ्यावर सुलट बाजू वर ठेवून नीट लावून मागच्या बाजूने मजबूत दोऱ्याने आडवं-उभं विणल्यासारखं ओढून बांधा, मधून सुरुवात करून कडांकडे, दोन-तीन वेळा परत घट्ट करत. बऱ्याचशा जातात. फांदीलगतची खोल सुरकुती मात्र तशी जात नाही, तिथे कापड परत फ्रेमवर लावून तेवढ्या फांदीचे टाचलेले टाके उसवायचे, जर काढायची नाही, तिला आपोआप सैल पडू द्यायची आणि पुन्हा टाचायची. टाचलेली जर उसवता येते आणि बहुतेकदा तीच परत वापरताही येते, कापडातून ओढलेली असती तर हे शक्यच नव्हतं.

पुरं झालेलं काम वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, रबर बँड लावू नका, डांबरगोळ्यांजवळ तर नकोच. रबरातलं गंधक चांदी-तांब्याला काळं पाडतं. धुतलेल्या मलमलमधे, पैठणी ठेवतो तसं, आणि घडी जरीवर न घालता गुंडाळी करून, जरीची बाजू बाहेर ठेवून.

वर ज्यांच्या दोऱ्याचं सांगितलं त्या काकूंनी गेल्या आठवड्यात नवीन कापड लावलं. पानं झालीत, वरच्या सहा फांद्या घडीच्या पद्धतीने खाली उतरल्यात आणि खोड पाच मिलिमीटरला जरा कमी झालंय. काल त्यांनी बोटाने खोडावर उभा हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, एकही टोक लागत नाही." अजून सोळा फांद्या राहिल्यात.